कोंबडीचे कान आणि माझे

कोंबडी बहिरी होत नाही, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. कळून फायदा काही झाला नाही, उलट होतं तेवढं समाधानही गेलं. तरी लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस. हे सगळं वहीत लिहिलं आणि नातीला ऱ्हस्वदीर्घ तेवढं बघायला दिलं. शब्दाला हात लावायचा नाही असं बजावलं होतं.

कबनूरला मागाच्या कारखान्यात मी चाळीस वर्षं उभा राहिलो. एका पत्र्याखाली चोवीस माग. आडवं सूत नेणारा धोटा या टोकाचा त्या टोकाला आपटतो, तिथून परत इकडं, आणि असे चोवीस धोटे सकाळपासून. तिथं माणसाच्या आवाजाला किंमत नसते. कानाला तोंड लावून बोंबललं तरी घसा तेवढा फाटतो. म्हणून कारखान्यात सगळी माणसं नुसत्या ओठांनी बोलतात. ओठ मोठे करायचे, सावकाश हलवायचे, लागला तर एक हात मदतीला घ्यायचा. सूत तुटलं, बीम संपला, मालक आला, चहा आला, सगळं ओठांवर. शिव्यासुद्धा. शिवी तर पंधरा हातांवरनं स्वच्छ दिसते.

बायको त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या लाकडी नळ्यांवर सूत गुंडाळायची. लग्नानंतर मीच तिला कामाला लावली. घरात आईपुढं तिला तोंड उघडता यायचं नाही, ते सगळं ती कारखान्यात माझ्यावर काढायची. आई काय म्हणाली, मी कसा गप्प बसलो, मी कसा बिनकण्याचा, सगळं चोवीस मागांच्या मधोमध, आवाज न करता. बाकीचे कामगार मान फिरवायचे. तो तिथला रिवाजच होता: नवराबायको बोलत असली की त्यांच्या ओठांकडं बघायचं नाही.

माझे कान कधी गेले सांगता येणार नाही. बत्ती गेल्यावर कळतं तसं ते कळत नाही. आधी पाखरं गेली, मग पोरांचे आवाज, मग बाया, मग गडी. शेवटी जड वस्तू पडली तर पायाला कळायचं, तेवढंच राहिलं. तिचे कान वाचले, कारण कांडीच्या यंत्राला मालकानं पुढं वेगळी खोली बांधली. मी घरी बसलो तोवर ठार बहिरा झालो होतो. पण आमचं दोघांचं काही अडलं नाही. कारखान्यात बोलायचो तसं घरात बोलायचो. ती बोलायची, मी तिचे ओठ वाचायचो.

मुलगा कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. त्यानं तिथनं कानाचं मशीन आणलं. मी दोन दिवस घातलं. पत्र्यावर खिळ्यांचं पोतं ओतल्यासारखं व्हायचं, त्यात माणूस कुठला आणि पंखा कुठला कळायचं नाही. डॉक्टर म्हणाला, सवय होईल, महिनाभर घाला. मी तिसऱ्या दिवशी काढून ठेवलं. बायको म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिकडं. मी हाय की." मला तेच पाहिजे होतं.

ती गेली त्याला आता वर्ष झालं.

सकाळची वेळ होती. मी पुढच्या पायरीवर उन्हात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. ती मागं न्हाणीत गेली होती. पाव किलो शेंगा फोडून झाल्या तरी चहा आला नाही. मी तिथनंच ओरडलो, "चहा टाकलाईस का न्हाईस?" बहिरा माणूस केवढ्यानं ओरडतो ते त्याला माहीत नसतं. दोनदा ओरडलो, तिसऱ्यांदा शिवी घालून ओरडलो. मग रागानं उठलो आणि आत गेलो.

न्हाणीत ती पडली होती. डोकं दगडी कट्ट्यावर आपटलं होतं, पाय दुमडलेला. पण डोळे उघडे होते आणि ओठ हलत होते. मी वाकून बघितलं. ती म्हणत होती, "कवाधरनं हाका मारतीया मी."

तिला कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं मुलाला सांगितलं, डोक्यात रक्त साकळलंय, तासभर आधी आणलं असतं तर करण्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तासभर आधी. ते दोन शब्द माझ्या टाळक्यात बसले ते बसलेच. तासभर ती हाका मारत होती. मी बहिरा, हे गावाला ठाऊक. पण आमच्या न्हाणीची भिंत शेजारणीच्या स्वयंपाकघराला लागून आहे. एकच भिंत, चार इंची. शेजारीण म्हणजे मुलीच्या वयाची बाई, घरीच बसून परकर शिवते. मला मामा म्हणते, बायकोला मामी म्हणायची. त्या दिवशी ती घरातच होती. चांगले धड कान. तिनं ऐकलं नाही?

तेराव्याला गल्ली जेवायला आली होती. तीही आली होती, वाढायला मदत करत होती. मला राहवलं नाही. सगळ्या पंगतीपुढं म्हणालो, "मी भैरा. तू तर भैरी न्हाईस न्हवं? माणूस तासभर हाका मारतंय आनि तू परकर शिवत बसतीस?" तिचे ओठ हलले, "मामा, देवाशप्पथ मला आवाज आला न्हाय." मी म्हणालो, "माझ्या बायकोनं मरताना मला सांगितलंय. ती खोटं बोलली व्हय?" तिनं हातातलं भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि गेली. मला त्या वेळी बरं वाटलं होतं. ते लपवत नाही.

त्यानंतर वर्षभर तिनं आमच्या दाराकडं बघितलं नाही. गल्लीतल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवेनात, असं मुलगा एकदा म्हणाला. मी म्हणालो, बरं झालं.

वर्षश्राद्धाच्या आठवडाभर आधी नात आली. मुलाची मुलगी. कोल्हापुरात एमेस्सी करते, प्राण्यांच्या शरीराचं काहीतरी शिकते. बायकोच्या मागं राहिलेल्या तीन कोंबड्या मीच सांभाळतो. त्या दिवशी मांजर मागच्या परड्यात यायच्या आधीच त्या तिन्ही भिंतीवर चढून बसल्या. मला एकदम कारखान्याची आठवण झाली. तिथल्या राखणदाराच्या कोंबड्या दिवसभर मागांखाली फिरायच्या. एक तर बंद मागाखाली अंड्यांवर बसायची, दोन्ही बाजूंनी माग चालू. आणि तरी बारक्या पिलानं चोच उघडली की ती मान वळवायची. आम्ही गडी एकेक करून बहिरे होत गेलो, कोंबडी मात्र शेवटपर्यंत ऐकत होती. मी नातीला विचारलं, "असं कसं गं? तिला काय कापसाचं बोळं घालत व्हते काय?"

नात हसली. माझ्याशी ती सावकाश बोलते, आणि अवघड आलं की कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून दाखवते. तिनं सांगितलं, कानाच्या आत बारीक केसाळ पेशी असतात, आवाज त्यांच्यामुळं कळतो. मोठ्या आवाजानं त्या मरतात. कोंबडीच्याही मरतात. पण कोंबडीत शेजारच्या पेशी उठतात आणि त्यांची जागा घेतात, काही दिवसांत कान पुन्हा चालू. माशाचंही तसंच. उंदराचं होत नाही, म्हशीचं होत नाही, माणसाचं होत नाही.

"म्हंजे जी रविवारी रश्श्यात जाणार तिला नवं कान," मी म्हणालो, "आनि माझ्यासारख्याला एकदाच. हा कसला न्याय?"

"न्यायाचं काय नाही ओ आबा. गंमत म्हणजे नवे कान करायचं लिहिलेलं आपल्यातपण असतंय."

"कुठं लिवलंय?"

मग तिनं मला ते लिहिलेलं समजावलं. मी त्याला पोथी म्हणतो. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत शरीर कसं बांधायचं याचा मजकूर असतो. पाठीला कणा असलेले जेवढे जीव, मासा, बेडूक, कोंबडी, म्हैस, माणूस, त्यांच्या पोथीतली पुष्कळ पानं एकसारखी. कान कसा घडवायचा ते पान माझ्यातही आहे आणि कोंबडीतही. आईच्या पोटात असताना माझं ते पान उघडलं होतं, म्हणून तर कान झाले. पुढं आपल्यात ते मिटून कुलूप लागतं. कोंबडीत लागत नाही.

मला ते चटकन समजलं. नातीला नवल वाटलं. पण मी डॉबीचा माग चालवला होता. त्या मागाला लाकडी पट्ट्यांची माळ असते आणि पट्टीवर खुंट्या. सूत तेच, माग तोच, माणूस तोच. खुंटी कुठं ठोकली आणि कुठनं काढली त्यावर कापडावर फूल येणार की रेघ येणार ते ठरतं. मी म्हणालो, "म्हंजे सूत हाय. खुंटी काढून ठेवलीया."

"अगदी बरोबर, आबा! आमच्या सरांनापण हे सांगते."

"कुणी काढली?"

"कुणी काढली नाही. लाखो वर्षांत निघाली. का निघाली ते अजून नक्की माहीत नाही. काहीजण म्हणतात, आपला कान इतका बारीक जुळवलेला आहे की मधेच नवीन पेशी घुसल्या तर सगळं बिघडेल."

"चांगला जुळवला. माझ्या कानाचं तर वाटोळं करून ठेवलं."

ती कॅलेंडरचं पान उलटायला लागली. मला त्या गोष्टीनं मात्र जोर आला. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं की यात माझा दोष नाही. मी मशीन घातलं नाही म्हणून हे झालं, असं मुलगा तोंडानं बोलला नव्हता, पण त्याच्या कपाळावर ते मला दिसायचं. आता मी त्याला सांगू शकत होतो, बाबा, माझी खुंटीच नाही. जन्माची नाही. मी कोंबडी असतो तर तुझी आई जिवंत असती.

तेच मी नातीला म्हणालो. आणि वर म्हणालो, "मला कान न्हाईत ते देवानं काढल्यात. त्या शेजारणीला असून तिनं काय केलं?"

नात खाली बघत होती. मी विषय बदलला. विचारलं, "माणसाला म्हणून वायलं काय दिलंय त्या पोथीत? का सगळं कोंबडीला दिलं?"

"बोलणं," ती म्हणाली. मग कॅलेंडरवर लिहायला लागली, पण लिहिलेलं खोडलं आणि तोंडानंच सांगितलं. बोलायला जे लागतं त्यातलंही पुष्कळ उंदरात आहे, गाणाऱ्या पाखरात आहे. थोडा फेर. पण बोलणं नुसत्या खुंटीवर चालत नाही. मूल बोलायला शिकतं ते दुसऱ्याचं ऐकून, आणि आपलं कुणीतरी ऐकतंय हे बघून. ऐकणारं नसलं की आलेला आवाजपण माणूस वापरायचं सोडतं.

एवढं बोलून ती थांबली. मग तिनं विचारलं, "आबा, आज्जीनं हाका मारल्या त्या आवाजात, कशावरनं?"

"म्हंजे?"

"आज्जी तुमच्याशी आवाज काढून बोलायचीच नाही."

मला ते कळलंच नाही. मी म्हणालो, "खुळी काय तू? जलमभर बोलली माझ्याशी."

"ओठांनी. मी लहान असल्यापासनं बघते. आमच्याशी बोलताना आवाज असायचा, तुमच्याकडं वळली की बंद. नुसते ओठ. मी एकदा विचारलेलं, आज्जी असं का करतीस, तर म्हणाली, ऐकायचं कुणी, उगं घसा कशाला घासू? तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला कसं माहीत असणार? मला ओठ दिसत होते. त्यांच्यामागं आवाज आहे का नाही ते कळायला कान पाहिजेत.

मी म्हणालो, डोक्याला मार लागला होता, आवाज गेला असेल. नात म्हणाली, "दवाखान्यात नर्सला तिनं पाणी मागितलं, आबा. खणखणीत. मी तिथंच होते. तुम्ही पलीकडून आलात तशी तुमच्याकडं वळली आणि आवाज बंद."

मी उठलो आणि तिला घरातनं जा म्हणालो. ती गेली नाही. माझ्यावरच गेलीय. माझा हात धरून मला पुढच्या पायरीवर नेलं, त्याच पायरीवर, आणि म्हणाली, "इथं बसा. हलू नका." आणि मागं गेली.

मी बसलो. पोरगी काय करतीय कळेना. पाच मिनिटंही झाली नसतील, शेजारीण कोपऱ्यावरनं धावत आली. हाताला पीठ, पदर खोचलेला. वर्षानं ती आमच्या दारात उभी होती. तिचे ओठ मी वाचले, "कोन बोलावतंय? कोन पडलं?"

आतनं नात आली. न्हाणीत बसून तिनं साध्या आवाजात काकू, काकू अशा दोन हाका मारल्या होत्या. ओरडली नव्हती.

शेजारीण एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. मग तिला उलगडलं असावं. तिचं तोंड लाल झालं.

"ही काय तऱ्हा? मला कुत्र्यागत हाक मारून बघताय व्हय?"

"तसं नाही काकू," नात म्हणाली, "आबांना दाखवायचं होतं."

"त्यास्नी दाखवायला मीच घावले? वरीस झालं, माझ्या दारात बाई चढंना. पोरीच्या मैत्रिणी इचारत्यात, तुझ्या आईनं म्हातारीला मारली खरं काय."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"हळू का म्हनताय मामा? तेराव्याला तर मागल्या गल्लीपतोर गेलतं." मग ती जवळ आली, मला नीट वाचता यावं म्हणून तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "त्या दिवशी मला आवाज आलता. तुमचा. चहा टाकलाईस का न्हाईस. तीनदा आलता. म्हटलं, मामा-मामींचं रोजचंच हाय. मामीचा न्हाय आला."

माझ्या मनात एकच गोष्ट आली आणि ती अजून हलत नाही. बायकोचे कान चांगले होते. म्हणजे खाली पडल्या पडल्या तिनं ते ऐकलं. तिन्ही वेळा. शिवीसकट. आणि तिथनं ती मला उत्तर देत होती, चाळीस वर्षांच्या सवयीनं, ओठ मोठे करून, मी समोर नसताना.

शेजारीण जाताना म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपेग? ज्यांच्याफुडं बोललासा त्यांच्याफुडं बोला."

नंतर नातीनं मला पुष्कळ समजावलं. सवयीनं झालं, आबा, कुणाचा दोष नाही, आज्जीलासुद्धा कळलं नसेल आवाज निघत नाहीये म्हणून. मी ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं. पण खुंटीचं ते सगळं आता माझ्या कामाचं राहिलं नव्हतं. माझे कान पोथीनं नेले, कबूल. तिचा आवाज पोथीनं नेला नाही. तिचा आवाज जन्मभर शाबूत होता, नर्सला मिळाला, कोंबड्यांना मिळाला, पोरांना मिळाला. माझ्याकडं बघून तिनं तो बंद केला. मी महिनाभर ते मशीन सोसलं असतं, पंखा आणि माणूस वेगळं करायला शिकलो असतो, तर तिनं कदाचित पुन्हा आवाज काढला असता. मला सोपं पाहिजे होतं. तिनं सोपं दिलं.

वर्षश्राद्धाला पंगत बसली. मी शेजारणीकडं स्वतः बोलावणं घेऊन गेलो होतो. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. भात वाढून झाला तशी मी उभा राहिलो. म्हणालो, "तेराव्याला मी जे बोललो ते खोटं हाय. बायकोनं हाक मारली, पन आवाज काढला न्हवता. कुनालाच ऐकू जानार न्हवतं. ह्या बाईचा काडीचा दोष न्हाय. दोष माझा हाय." एवढंच. पाठ करून ठेवलं होतं, तरी मधलं एक वाक्य राहिलंच.

लोकांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, "बसा मामा, झालं गेलं." दुसऱ्यानं आमटी मागितली.

ती दारात उभी होती. कधी आली मी बघितलं नव्हतं. सगळं ऐकलं असावं, कारण पदर तोंडाला लावला होता. मी हातानं ये म्हणालो. ती आत आली नाही. वळली, आणि वळताना काहीतरी बोलली. तोंड पलीकडं होतं, मला ओठ दिसले नाहीत. दाराजवळ बसलेल्या दोघांनी जेवण थांबवून तिच्याकडं बघितलं.

मी नातीला विचारलं, काय म्हणाली?

"काय नाही, आबा."

तिनं ते आवाजात म्हटलं का नुसत्या ओठांनी, मला कळेना. मी म्हणालो, परत म्हण. तिनं म्हटलं. मी म्हणालो, मोठ्यानं म्हण, आणि ती काय म्हणाली तेच सांग, काय नाही सांगू नको. ती नको म्हणत होती, इकडंतिकडं बघत होती. मी सोडलं नाही.

मग तिनं सांगितलं. "मामीला मरून वर्ष झाल्यावर सुचलं, असं म्हणाली." सगळी पंगत आमच्याकडं वळली, तेव्हा मला पटलं की आवाजात सांगितलं.